आईच्या प्रत्येक तक्रारीवर ‘वय झालं’ एवढेच उत्तर मिळते, तेव्हा काय करावे?

सावली

नमस्कार. माझी आई ७८ वर्षांची आहे. तिने जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ३४ वर्षे नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही गल्लीतली मुले संध्याकाळी तिच्याकडे पाढे म्हणायला येत असत. गेल्या दोन महिन्यांत मात्र तिच्यात फरक पडला आहे. चालताना तिचा तोल जातो, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही, दुपारी पेपर हातात असतानाच डोळा लागतो, आणि तीन आठवड्यांपूर्वी ती मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली. सुदैवाने हाड मोडले नाही, परंतु तेव्हापासून भिंतीचा आधार घेतल्याशिवाय ती पाऊल टाकत नाही.

आम्ही तिला तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांकडे नेले. आई त्यांच्या समोर स्टुलावर बसली होती आणि मी तिच्या मागे उभी होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारले, “काय होतंय यांना?” मीही सगळे भडाभडा सांगून टाकले. चार-पाच मिनिटांत ते म्हणाले, “वय झालं आता, या वयात एवढं चालायचंच,” आणि त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. परतताना रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी तिथंच बसले होते की गं.”

त्या वाक्यानंतर मला घरातल्याही गोष्टी दिसू लागल्या. आईच्या पेन्शनचे पासबुक आणि एटीएम कार्ड भावाने स्वतःकडे ठेवले आहे. पडल्यापासून वहिनी तिला गॅसजवळ येऊ देत नाही. दोघेही मनापासून तिचे करतात, त्यात खोट नाही. मी पुण्याहून रोज फोन करते, पण आधी वहिनीला विचारते, “आज आई कशी आहे?” आणि आई फोनवर आली की जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढेच बोलते. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत मी तिला माझ्या ऑफिसातल्या अडचणी सांगून सल्ला विचारत होते.

माझे दोन प्रश्न आहेत. डॉक्टरांचा अवमान होऊ न देता त्यांना अधिक खोलात जाऊन तपासायला कसे सांगावे? आणि काळजीपोटी आपण आपल्या माणसाचे काही हिरावून घेत आहोत का, हे कसे ओळखावे?

दवाखाना

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी २२ वर्षे दवाखाना चालवतो आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. कोणीही माणूस दोन महिन्यांत ७८ वर्षांचा होत नाही. आई त्याआधी ठीक होती आणि आज तिचा तोल जातो, याचा अर्थ मधल्या काळात शरीरात काहीतरी घडले आहे, आणि जे घडले ते शोधणे हे डॉक्टरचे काम आहे. हळूहळू, वर्षानुवर्षे होणारा बदल आणि काही आठवड्यांत झालेला बदल यांत फरक करायला शिकणे ही वृद्धांच्या वैद्यकातली पहिली पायरी आहे. दुर्दैवाने आमच्यापैकी बहुतेकांना ती कधी शिकवलीच गेली नाही. आपल्या देशात वार्धक्यशास्त्राचा एम. डी. अभ्यासक्रम मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू झाला तो १९९६ मध्ये, आणि आजही त्याच्या जागा फार थोड्या आहेत.

तरुण माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप येतो. वृद्ध माणूस त्याच संसर्गाने नुसता गोंधळतो किंवा पडतो. थायरॉईड मंदावणे, बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तातील सोडियम उतरणे, साखर फार खाली जाणे, लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठ, मनाची उदासी, ऐकू न येणे, या सगळ्यांचे चित्र बाहेरून एकसारखे ‘म्हातारपण’ दिसते, आणि यांपैकी बहुतेकांवर उपाय आहे. पडताना डोक्याला थोडासाही मार लागला असेल तर मेंदूभोवती सावकाश रक्त साचून काही आठवड्यांनी झोपाळूपणा येऊ शकतो, त्यामुळे ते अवश्य सांगा आणि तपासणीला उशीर करू नका.

त्याहून आधी एक काम करा. घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, मलमे, डोळ्यांचे थेंब, मेडिकलमधून परस्पर आणलेली सर्दीची गोळी, हे सर्व एका पिशवीत घालून ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. १९९१ मध्ये मार्क बीअर्स या अमेरिकी डॉक्टरांनी वृद्धांसाठी टाळाव्यात अशा औषधांची यादी तयार केली आणि ती यादी आजही वेळोवेळी सुधारली जाते. सर्दीवरच्या साध्या गोळ्यांत असणारे क्लोरफेनिरामिन त्या यादीत आहे, कारण त्याने वृद्धांना गुंगी येते, लघवी अडकते आणि बुद्धी भ्रमल्यासारखी होते. औषध कधी सुरू झाले आणि त्रास कधी सुरू झाला, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून न्या.

डॉक्टरांशी बोलताना एवढेच म्हणा, “दोन महिन्यांपूर्वी ती अशी नव्हती. वयाखेरीज आणखी काय कारण असू शकेल, ते तपासून पाहाल का?” यात कोणाचा अवमान नाही. आणि कृपया आईच्या मागे उभ्या राहू नका. तिच्या शेजारी, थोड्या मागे सरकून बसा आणि पहिला प्रश्न आला की खाली पाहा. डॉक्टरांची नजर आपोआप रुग्णाकडे वळते.

हे मी साळसूदपणे सांगत नाही. काही वर्षांपूर्वी ८१ वर्षांचे एक शेतकरी माझ्याकडे आणले गेले. ते दोन दिवस असंबद्ध बोलत होते. ओपीडीत गर्दी होती, मी केसपेपरवर ‘वयोमानानुसार’ असे लिहिले आणि झोपेची गोळी देऊन त्यांना घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी ते परत आले तेव्हा मी पोटावर हात ठेवला. मूत्राशय बेंबीपर्यंत फुगलेले होते. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली होती आणि त्यात संसर्ग झाला होता. नळी घातली, प्रतिजैविके दिली, आणि तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी मला सोयाबीनचा भाव विचारला. पन्नाशीचा माणूस असता तर मी पहिल्याच दिवशी पोट तपासले असते.

शहात्तर_पावसाळे

माझे वय नावातच आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी आतल्या बाजूने काही सांगू शकतो.

म्हातारा माणूस गप्प का होतो, याचे कारण अनेकदा अगदी साधे असते. तीन वर्षांपूर्वी माझे ऐकणे कमी झाले. जेवताना घरचे बोलत असत, मला अर्धे ऐकू येई, मी भलतेच उत्तर देत असे आणि सगळे एकमेकांकडे पाहत. सुनेने एकदा नातवाला हळूच सांगितले, “आजोबांना आता कळत नाही.” ते वाक्य मात्र मला स्वच्छ ऐकू आले. मुलाला मी कानाचे यंत्र घ्यायचे आहे असे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “या वयात कशाला एवढा खर्च?” पैसे माझे होते. अखेर मी एकटा जाऊन यंत्र घेऊन आलो. आता त्याच टेबलावर माझ्याशी राजकारणावर वाद घातला जातो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, टाळता येण्याजोग्या कारणांत कमी ऐकू येण्याची गणना केली आहे. म्हणजे ज्याला आपण वयाचा परिणाम म्हणून सोडून देतो, तेच पुढे बुद्धीवर उलटू शकते.

काळजी कुठे संपते आणि हिरावून घेणे कुठे सुरू होते, याची माझी खूण अशी आहे: निर्णय सांगितला जातो की विचारला जातो? माझ्या घरी भावाच्या आजाराची बातमी आठ दिवस लपवली गेली, कारण ‘बाबांना या वयात झेपणार नाही’. मी आईवडील, पत्नी आणि एक मुलगी यांना पोहोचवले आहे. मला काय झेपते ते मला विचारता आले असते. तुमच्या आईचे पासबुक भावाकडे असणे वाईट नाही. पण ते तिने त्याच्याकडे दिले आहे, की ती पडल्याच्या गडबडीत ते उचलले गेले, हा प्रश्न तिला विचारून पाहा.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. आम्हीही लपवतो. मला मधूनमधून चक्कर येते, हे मी चार महिने कोणाला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर त्याच संध्याकाळी स्कूटरची किल्ली गेली असती. प्रत्येक तक्रारीची किंमत एका स्वातंत्र्याने मोजावी लागणार असेल, तर माणूस तक्रार करणे सोडून देतो आणि मग आजार उशिरा कळतो. शिवाय ‘साठी बुद्धी नाठी’ हे आम्हीही लहानपणापासून म्हणत आलो आहोत, त्यामुळे स्वतःवर वेळ आल्यावर ते खरे वाटू लागते. अमेरिकेत ओहायो राज्यातील एका गावात पन्नाशीपुढच्या ६६० लोकांची अनेक वर्षे नोंद ठेवली गेली होती. बेका लेव्ही या संशोधिकेने २००२ मध्ये ती तपासली, तेव्हा स्वतःच्या म्हातारपणाविषयी चांगले मत असणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगलेले दिसले. मी ते वाचल्यावर दुसऱ्याच दिवशी चक्कर येत असल्याचे डॉक्टरांना सांगितले.

वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या या भेदाला इंग्रजीत नाव मिळाले ते १९६९ मध्ये, आणि तेही घराच्या भांडणातून. वॉशिंग्टनजवळच्या चेव्ही चेस या सुखवस्तू वस्तीत वृद्धांसाठी घरे होऊ नयेत म्हणून रहिवासी भांडत होते. ते पाहून रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने वंशभेदाच्या धर्तीवर ‘एजिझम’ हा शब्द वापरला. मराठीत त्याला वयभेद म्हणता येईल. मला पहिल्या मजल्यावरची एक खोली भाड्याने हवी होती तेव्हा मालक अगदी नम्रपणे म्हणाले, “काका, एकटे राहणार? उद्या काही झालं तर?” भाडे, अनामत, चारित्र्य, यांपैकी कशाचीही त्यांना शंका नव्हती. हा भेद बहुधा असाच नम्र आवाजात होतो.

आणि कृपया आम्हाला महर्षी कर्व्यांचे उदाहरण देऊ नका. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी समता संघ काढला, शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, त्यांना भारतरत्न मिळाले. मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे. परंतु आज कोणती भाजी करायची हे मला विचारले जावे, यासाठी मला अण्णासाहेब कर्वे व्हावे लागू नये.

दोन_घरं

वरचे प्रतिसाद वाचून मला दुसरी बाजू मांडावीशी वाटते. माझे सासरे आमच्याकडे सात वर्षे होते आणि शेवटची तीन वर्षे त्यांना डिमेन्शिया होता. मी बँकेत नोकरी करून त्यांचे सगळे केले. दूध गॅसवर ठेवून ते झोपून गेले, असे दोनदा झाले. दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांनी दार तोडले. त्यानंतर मी त्यांना स्वयंपाकघरात येऊ दिले नाही आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. वृद्धांचा मान राखावा हे बोलायला सोपे आहे, पण जो घरात चोवीस तास असतो त्याच्या डोक्यावर टांगती तलवार असते. काही झाले तर नातेवाईक “लक्ष कुठे होतं?” असे सुनेलाच विचारतात, तिच्या हाताखाली मदतीला कोणीही येत नाही. सावली यांची वहिनी आईला गॅसजवळ येऊ देत नाही, त्यामागे हीच भीती असेल. तिच्यावर वयभेदाचा शिक्का मारू नये, एवढीच माझी विनंती आहे.

रात्रपाळी

दोन_घरं यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. मी सरकारी रुग्णालयातून अधिपरिचारिका म्हणून निवृत्त झाले आहे आणि घरच्या सेवेचा भार बाईच्याच अंगावर पडतो हे मी हजारो खाटांशेजारी पाहिले आहे. तुम्ही सासऱ्यांना अडवले ते त्यांनी दोनदा दूध जाळले म्हणून. सावली यांच्या आईंनी मात्र काहीही जाळलेले नाही. त्या मोरीच्या उंबऱ्याला अडखळल्या. घडलेल्या धोक्यावरून अडवणे आणि वयावरून धोका गृहीत धरणे, यांत हाच फरक आहे. उंबऱ्याचा उपाय उंबऱ्याजवळ करायचा असतो: भिंतीला पकडायला दांडी, रात्रीचा दिवा, खडबडीत फरशी किंवा न घसरणारे पायपुसणे. त्यासाठी गॅस बंद करण्याचे कारण नाही. ओट्याशी उभे राहताना तोल जात असेल, तर बसून भाजी निवडणे, कणीक मळणे, फोडणीचे साहित्य काढून देणे ही कामे आहेतच. सगळे स्वयंपाकघर काढून घेण्याऐवजी जेवढे धोक्याचे तेवढेच काढावे.

भाषेबद्दल मला बोलायचे आहे, कारण आमच्या वॉर्डात मी ते रोज ऐकत असे. आपल्या मराठीत लहान मुलासाठी नपुंसकलिंग वापरतात: बाळ जेवलं, बाळ झोपलं. हेच लिंग आपण म्हाताऱ्या माणसाला नकळत लावतो. “म्हातारं ऐकत नाही.” “शहाण्यासारखं जेवलं आज.” निवृत्त मुख्याध्यापकाला अंघोळ घालताना आमच्या मुली म्हणत, “चला आजोबा, आपल्याला गोळी घ्यायची ना, शहाणं बाळ ते.” त्यांच्या मनात प्रेमच असे. पण ज्या माणसाने चाळीस वर्षे घर चालवले, तो व्याकरणाच्या एका प्रत्ययात बाळ होऊन जातो. अमेरिकेतील क्रिस्टीन विल्यम्स यांनी शुश्रूषागृहातील डिमेन्शियाच्या रुग्णांच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या. कर्मचारी अशा बाळबोली सुरात बोलले की रुग्णाने हात झटकण्याची, ओरडण्याची, विरोध करण्याची शक्यता साध्या मोठ्या माणसासारख्या बोलण्याच्या मानाने सुमारे दुप्पट होत होती. ज्यांना नाव आठवत नाही त्यांनाही आपल्याशी कसे बोलले जात आहे ते कळते. मी शेवटची दहा वर्षे प्रत्येक नव्या मुलीला सांगत असे की रुग्णाला आधी विचारा, तुम्हाला काय म्हणून हाक मारू? कोणी ‘बाई’ म्हणा म्हणे, कोणी ‘नाना’, आणि एक आजी म्हणाल्या होत्या, “माझ्या नावानं हाक मार, तीस वर्षांत कुणी मारली नाही.”

‘आता काही होणार नाही’ असे म्हणून खाटेवर सोडून दिलेल्या लोकांचे काय होऊ शकते, याचे उदाहरण आमच्याच क्षेत्रात आहे. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाला शेजारच्या अनाथ-निराधारांच्या इस्पितळातील ७१४ रुग्ण जोडले गेले आणि ते डॉ. मार्जरी वॉरन यांच्या वाट्याला आले. त्यांतील कित्येक जण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले होते आणि ‘असाध्य’ म्हणून त्यांना कोणी तपासतही नव्हते. वॉरनबाईंनी एकेकाला नव्याने तपासले, कोणाला नेमके काय झाले आहे ते ठरवले, त्यांना खाटेवरून खाली उतरवून हालचाल सुरू केली, वॉर्डात उजेड आणला, पकडायला दांड्या बसवल्या. त्यांतील बरेच जण चालू लागले आणि काही तर घरी गेले. तोवर त्यांचा आजार म्हणून जे समजले जात होते त्यातला मोठा भाग नुसते पडून राहिल्याचा होता.

सावली, तुमच्या आईंना दाखल करण्याची वेळ आली आणि खर्चाचा प्रश्न निघाला, तर सत्तर आणि त्यापुढील वयाच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत विनामूल्य उपचार मिळतात. उत्पन्नाची अट नाही. योजनेतले रुग्णालय असावे लागते आणि वय वंदना कार्ड काढावे लागते. ‘या वयात कशाला खर्च’ हे वाक्य तुमच्या घरी निघू नये म्हणून लिहिले.

जिना

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे बहुतेक काम घरोघरी जाऊन असते. पडल्यानंतर जे होते ते मी असे पाहते: माणूस पडण्याच्या भीतीने चालणे कमी करतो, घरचे त्याच भीतीने त्याला उठू देत नाहीत, मांड्यांचे स्नायू काही आठवड्यांत झिजतात, आणि मग खरोखरच दुसऱ्यांदा पडणे होते. शेवटी सगळे म्हणतात, वयच झाले होते.

वृद्धांच्या स्नायूंत ताकद परत येत नाही, ही समजूत १९९० मध्येच मोडली आहे. बोस्टनच्या एका शुश्रूषागृहातील नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त रहिवाशांना मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला, पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांनी चालताना काठी वापरणे सोडले. हे नव्वदीच्या लोकांचे आहे. तुमच्या आई ७८ वर्षांच्या आहेत.

घरी एक मोजमाप करता येईल. आईंना हाताच्या खुर्चीवर बसवा, समोर तीन मीटरवर खूण करा. खुर्चीतून उठून, नेहमीच्या वेगाने खुणेपर्यंत जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ते पाहा. बाराहून अधिक सेकंद लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असे समजावे. शेजारी उभ्या राहा, पण हात लावू नका. तो आकडा लिहून डॉक्टरांना द्या. आधी डॉक्टरांनी कारण शोधावे, मगच व्यायाम सुरू करावा.

त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. म्हातारे माणूस खुर्चीतून उठू लागले की घरचे धावत येऊन काखेत हात घालून त्याला उचलतात. असे करू नका. त्यांना पुढे सरकू द्या, पाय मागे घेऊ द्या, नाक गुडघ्यांच्या पुढे येईपर्यंत वाकू द्या. याला वीस सेकंद लागतील. ते वीस सेकंद थांबणे घरच्यांना सगळ्यात जड जाते, आणि रुग्णाचा खरा व्यायाम तेवढाच असतो.

सावली

सर्वांचे आभार. मी रजा घेऊन गावी आले आणि आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो, म्हणून उत्तर द्यायला तीन आठवडे लागले.

दवाखाना यांनी सांगितल्याप्रमाणे मी भावाला विचारले होते की आईचे काही औषध बदलले का. तो म्हणाला, “नाही, त्याच गोळ्या आहेत.” तेच मी कागदावर लिहून घेतले. डॉक्टरांसमोर मी शेजारी बसले आणि त्यांनी विचारल्यावर खाली पाहिले. आई लगेच बोलली नाही. इतका वेळ गेला की उत्तर माझ्या तोंडापर्यंत आले होते, ते मी आवरले. मग ती म्हणाली, “पाडव्यानंतरच्या आठवड्यात प्रेशरची गोळी बदलली. तेव्हापासून तोंडाला चव नाही, पोटात मळमळतं आणि डोकं जड राहतं.” तिने पर्समधून जुनी आणि नवी, अशा दोन्ही पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. जुनी पट्टी तिने जपून ठेवली होती. भावाच्या लेखी ती प्रेशरचीच गोळी होती, म्हणून ‘त्याच गोळ्या’.

नव्या गोळीत लघवी वाढवणारा घटक होता. रक्त तपासले तर सोडियम १२१ निघाले. ते १३५ च्या वर असायला हवे. डॉक्टरांनी सांगितले की या घटकाने वृद्ध स्त्रियांमध्ये असे होणे मुळीच दुर्मीळ नाही आणि सोडियम घाईने भरूनही काढता येत नाही. आई पाच दिवस रुग्णालयात होती. वय वंदना कार्ड दाखल होतानाच काढून घेतले, त्याबद्दल रात्रपाळी यांचे विशेष आभार. डोक्याच्या स्कॅनमध्ये काही निघाले नाही.

आता ती पेपर शेवटपर्यंत वाचते आणि शब्द अडत नाहीत. चालणे अजून पूर्वीसारखे नाही. तीन मीटरला पहिल्या दिवशी २३ सेकंद लागले, काल १७ लागले. मोरीत दांडी बसवली. वहिनीशी मी निवांत बोलले, तेव्हा तिला रडू आले. आईच्या पडण्याचा दोष आपल्यालाच दिला जाईल अशी भीती तिला तीन आठवडे छळत होती, आणि तिला ते कोणी विचारले नव्हते. दोन_घरं, तुम्ही लिहिले नसते तर मीही विचारले नसते. पासबुक आईकडे परत आले आहे. एटीएम कार्ड भावाकडेच राहू दे, असे तिनेच सांगितले. बँकेच्या यंत्रापुढे उभे राहून आकडे दाबायचा तिला पहिल्यापासून कंटाळा आहे.

आईने हा सगळा धागा माझ्या फोनवर वाचला आणि जिना यांना तिचा एक प्रश्न आहे. तो तिच्या शब्दांत देते: “खुर्चीवरून उठताना मी दोन्ही हातांनी जोर देते. तसे केले तर पायांना व्यायाम होतो का, की नुसते हातच दुखवून घेते आहे? आणि दिवसातून किती वेळा उठावे?”

जिना

नमस्कार बाई. सध्या दोन्ही हातांनी जोर दिला तरी चालेल, पायांना व्यायाम होतो. पाच वेळा उठा-बसा, थोडे थांबा, पुन्हा पाच वेळा. असे सकाळी आणि संध्याकाळी करा. बसताना धपकन बसू नका, सावकाश खाली या, कारण मांडीचे स्नायू खाली येतानाही तेवढेच काम करतात. हे सोपे वाटू लागले की एकाच हाताचा आधार घ्या, मग फक्त बोटे टेकवा. खुर्ची भिंतीला लावून ठेवा म्हणजे मागे सरकणार नाही. चक्कर आली किंवा छातीत दडपले तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा. दर रविवारी तीन मीटरचे सेकंद तुम्ही स्वतः वहीत लिहीत जा आणि चार आठवड्यांनी मला ते आकडे सांगा.